भित्तिचित्रांचा व्यवसाय : आधी हिशेब, मग कुंचला

घराला रंग दिला, पडदे बदलले, फर्निचर जागच्या जागी लागले, तरी दिवाणखान्याची एखादी भिंत मोकळीच वाटत राहते. पूर्वी अशा भिंतीवर कॅलेंडर लागे. नंतर धबधब्याचे नाही तर हिमशिखरांचे भलेमोठे पोस्टर आले. आता तीच भिंत एखाद्या कलावंताकडून रंगवून घ्यावी, असे अनेक कुटुंबांना वाटू लागले आहे. मुलांच्या खोलीत जंगल, जेवणघरात वारली पद्धतीचा तारपा नाच, देवघरामागे कमळांची वेल अशी मागणी असते. बालवाड्या, दवाखाने आणि उपाहारगृहे यांच्याकडूनही कामे येतात.

ही कामे घेऊ पाहणाऱ्यांत शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट उत्तम श्रेणीत पास झालेल्या आणि पुढे संसारात रमलेल्या गृहिणी आहेत, ए.टी.डी. केलेल्या मुली आहेत, निवृत्त चित्रकला शिक्षकही आहेत. हात चांगला असतो, रंगांची जाण असते. पण समोरच्याने ‘‘ताई, या भिंतीचे किती घ्याल?’’ असे विचारले की जीभ अडखळते. संकोचाने काहीतरी आकडा तोंडातून निघतो आणि काम संपल्यावर लक्षात येते, की रंगांचे पैसे वजा जाता मजुराइतकाही मोबदला पदरात पडलेला नाही.

भिंत रंगवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. राजस्थानातील शेखावाटीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या हवेल्या आतून-बाहेरून चितारून घेतल्या. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातही भित्तिचित्रे आहेत. मात्र कागदावरच्या किंवा कॅनव्हासवरच्या चित्रापेक्षा या कामात एक मोठा फरक आहे. कॅनव्हासचे पैसे मिळाले नाहीत तर चित्र घरी परत आणता येते, दुसऱ्याला विकता येते. भिंत परत आणता येत नाही. रंगाचा शेवटचा हात दिला, की चित्र ग्राहकाच्या घरचे झाले. म्हणूनच या व्यवसायात दर, आगाऊ रक्कम आणि अटी या तिन्ही गोष्टी कुंचला भिंतीला लागण्यापूर्वी ठरायला हव्यात.

दिवसाचा मोबदला कसा काढावा?

बहुतेक नवशिके दुसरे लोक चौरस फुटाला काय घेतात, याची चौकशी करतात आणि त्याहून थोडा कमी दर सांगतात. हा मार्ग फसवा आहे. दुसऱ्याचा वेग, त्याच्या चित्रातील बारकावे, त्याचा खर्च आपल्याला ठाऊक नसतो. सुरुवात स्वतःच्या एका दिवसाच्या किमतीपासून करावी.

समजा, एखाद्या गृहिणीला या व्यवसायातून महिन्याला ३०,००० रुपये मिळावेत असे वाटते. फोन, ब्रशांची झीज, नमुन्याची चित्रे अशा किरकोळ गोष्टींना महिन्याकाठी ३,००० रुपये लागतात. म्हणजे ३३,००० रुपये यायला हवेत. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले, तरी ते सगळे पैसे देणारे नसतात. नवीन ग्राहकांना भेटणे, रंग आणणे, न जमलेल्या कामांसाठी घातलेल्या खेपा यांत दहा दिवस सहज जातात. उरले १५. या पंधरा दिवसांनी ३३,००० ला भागले, की एका दिवसाचा मोबदला येतो २,२०० रुपये.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. लहान गावात ते कमी असतील, मुंबई-बंगळूरसारख्या शहरात जास्त. पण रीत हीच. महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागाकार करण्याची चूक मात्र करू नये. न भरणाऱ्या दिवसांचा भार भरणाऱ्या दिवसांनीच उचलायचा असतो.

एका भिंतीचा हिशेब

आता मुलांच्या खोलीतील दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे ८० चौरस फुटांची भिंत घेऊ. तीवर झाडे, माकडे, हत्ती आणि पक्षी काढायचे आहेत. मोजमाप आणि चर्चा यांना अर्धा दिवस, कागदावरच्या कच्च्या चित्राला एक दिवस, भिंतीच्या तयारीला अर्धा दिवस, प्रत्यक्ष रंगकामाला साडेतीन दिवस आणि शेवटचा हात व साफसफाई यांना अर्धा दिवस. एकूण सहा दिवस झाले.

सहा दिवसांचे २,२०० प्रमाणे १३,२०० रुपये.
प्रायमर, रंग, वार्निश, चिकटपट्टी, जमिनीवर अंथरायचे प्लास्टिक यांचे ३,००० रुपये.
मदतनिसाचे दोन दिवसांचे १,४०० रुपये.
जाण्यायेण्याचे ६०० रुपये.
बेरीज १८,२०० रुपये.
अडीअडचण आणि नफा मिळून १५ टक्के, म्हणजे २,७३० रुपये.

एकूण २०,९३० झाले. ग्राहकाला २१,००० रुपये सांगावेत. ८० ने भागले तर चौरस फुटाला सुमारे २६२ रुपये पडतात. हा आकडा ग्राहकाला जरूर सांगता येतो, कारण त्याला फुटाच्या भाषेत समजते. पण तो हिशेबातून निघालेला असावा, बाजारातून ऐकलेला नसावा.

सगळ्या भिंतींना एकच दर लावणेही तोट्याचे असते. दाराशेजारी २० चौरस फुटांचे एक लहानसे झाड काढायचे असेल, तर वरच्या दराने ५,२५० रुपये होतील. पण मोजमाप, कच्चे चित्र, जाणे-येणे आणि साफसफाई यांतून सुटका नसते. अशा कामालाही तीन दिवस गेले, तर नुसता मोबदलाच ६,६०० रुपये होतो. म्हणून एक किमान रक्कम ठरवावी आणि त्याखाली कोणतेही काम घेऊ नये.

चित्र कसे आहे, यावरही दर बदलतो. सपाट रंगातील भौमितिक नक्षी लवकर होते. मधुबनी पद्धतीत रेषांच्या मधली जागा बारीक नक्षीने भरायची असते, तिथे वेळ दुप्पट लागू शकतो. माणसाचा ओळखू येणारा चेहरा, छत, जिन्याची उंच भिंत, परांची बांधून करायचे बाहेरचे काम, या सर्वांना वेगळा दर हवा. त्यासाठी पहिल्या कामापासून एक वही ठेवावी. कोणत्या प्रकारच्या चित्राला किती तास लागले, किती रंग खपला, हे रोज संध्याकाळी लिहिले, की वर्षभरात ती वहीच अचूक दर सांगू लागते.

चित्राआधी भिंत बघा

ग्राहकाकडे पहिल्यांदा जाताना मोजपट्टी, वही आणि आपल्या कामाचा अल्बम बरोबर असावा. आधी भिंतीवरून तळहात फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना डिस्टेंपर किंवा चुना सुटत आहे असे समजावे. तो खरवडून, प्रायमर लावल्याशिवाय वरचा रंग टिकणार नाही. पापुद्रे आलेले असतील, पांढरे क्षार फुटले असतील किंवा पलीकडे न्हाणीघर असेल, तर ओल आहे का हे बघावे. ओल्या भिंतीवर कितीही चांगला रंग लावला तरी तो फुगून निघतो आणि बोल लागतो तो चित्रकाराला. नवीन सिमेंटचा गिलावा असेल, तर त्याला सुमारे २८ दिवस पाणी धरून सुकू द्यावा लागतो. बाहेरच्या भिंतीची कामे पावसाळ्यात घेऊ नयेत.

भिंतीची दुरुस्ती हे वेगळे काम आहे. ते ग्राहकाने रंगाऱ्याकडून करून घ्यावे किंवा त्याचे पैसे वेगळे द्यावेत, असे पहिल्याच भेटीत सांगावे. रंग सुटल्यास वर्षभरात विनामूल्य दुरुस्ती करून देण्याची हमी जरूर द्यावी, त्याने विश्वास वाढतो. मात्र ओल, गळती किंवा भिंतीला पडलेली चीर यांमुळे झालेले नुकसान त्या हमीत येत नाही, हेही स्पष्ट करावे.

मुलांच्या खोलीसाठी पाण्यात मिसळणारे, कमी वासाचे रंग निवडावेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आहे. डब्यावर तसा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे आणि ग्राहकालाही दाखवावे. आईवडिलांना याचे मोल वाटते.

ग्राहकाला काय विचारावे, काय सांगावे

‘‘तुम्हाला काय काढून हवे?’’ या प्रश्नाला पुष्कळदा ‘‘काहीतरी छानसे’’ असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा खोलीत कोण वावरणार, कपाट आणि पलंग कुठे येणार, दिवा कुठे आहे, हे विचारावे. पलंगाची पाठ जिथे येणार, तिथे तासन् तास खपून काढलेला हत्ती दिसणारच नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी काढलेली कार्टून दहाव्या वर्षी त्यालाच नकोशी होतात. झाडे, आकाश, पक्षी मात्र बराच काळ चालतात. असा सल्ला दिला तर ग्राहकाचा पुढचा खर्च वाचतो आणि तो दहा जणांना तुमचे नाव सांगतो.

घर भाड्याचे असेल तर घरमालकाची लेखी परवानगी हवी. जिना किंवा इमारतीची बाहेरची भिंत असेल तर सोसायटीची. परवानगी मिळत नसेल, तर प्लायवूडवर किंवा कॅनव्हासवर चित्र काढून ते भिंतीवर बसवावे. घर बदलताना ते बरोबर नेता येते.

देवादिकांची चित्रे कुठे चालतील आणि कुठे नाहीत, याबद्दल प्रत्येक कुटुंबाच्या भावना वेगळ्या असतात. निर्णय घरातल्या एकट्या व्यक्तीने न घेता सर्वांच्या संमतीने व्हावा, असे सुचवावे. सूनबाईंनी पसंत केलेली भिंत संध्याकाळी सासूबाईंनी नापसंत केली, की दुसऱ्या दिवशी पुसण्याचे काम चित्रकाराच्या गळ्यात येते.

बालवाडी आणि शाळांच्या कामांत दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रसिद्ध कार्टूनमधील पात्रांवर त्यांच्या कंपन्यांचा हक्क असतो. व्यवसायाच्या जागी ती विनापरवानगी रंगवणे शाळेलाही अडचणीचे ठरू शकते. त्याऐवजी स्वतःची पात्रे तयार करावीत. भारताचा नकाशा काढायचा असेल, तर तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी तंतोतंत जुळला पाहिजे. चुकीच्या सीमा दाखवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

वारली चित्रांची मागणी सर्वत्र आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांची ही परंपरा जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा आपण काढलेले चित्र ‘वारली पद्धतीचे’ आहे, असे प्रामाणिकपणे सांगावे. ग्राहकाला अस्सल वारली कलाकाराचेच काम हवे असेल, तर त्याला पालघर-डहाणू भागातील कलाकारांकडे पाठवण्यात कमीपणा नाही.

घासाघीस आणि नात्यातली माणसे

‘‘एवढ्याशा चित्राचे एकवीस हजार? सोळा करा बघू!’’ हे वाक्य प्रत्येकीला ऐकावे लागते. अशा वेळी रागावू नये आणि पटकन होकारही देऊ नये. दर कमी करण्याऐवजी काम कमी करावे. वरच्या भागात नुसते आकाश ठेवू, माकडे दोनच काढू, असे सुचवावे. त्याने दीड दिवस आणि मदतनिसाचा एक दिवस वाचला, तर रक्कम सुमारे चार हजारांनी खाली येते. ग्राहकाच्या खिशालाही परवडते आणि आपल्या दिवसाची किंमतही घटत नाही. एकदा न बोलता पाच हजार सोडले, की पहिला आकडा फुगवून सांगितला होता, असाच समज होतो.

याहून कठीण प्रश्न नात्यातल्यांचा. ‘‘अगं, तुझ्या तर हातचा मळ आहे तो! येऊन जा एखाद्या रविवारी,’’ असे मावशी किंवा वहिनी प्रेमाने म्हणतात. एक रविवार म्हणता म्हणता चार जातात. सुरुवातीला सराव आणि अल्बमसाठी एक-दोन कामे अशी करायला हरकत नाही. मात्र रंगांचे पैसे तेव्हाही घ्यावेत. पुढे वर्षातून एकच काम भेट म्हणून द्यायचे, असा नियम करावा. ‘‘मावशी, यंदाची भेट ताईच्या घरी दिली. तुमच्याकडे करते, पण हिशेबाने,’’ असे हसून सांगितले तर नाते तुटत नाही. भेट द्यायचीच असेल तर ती मोकळ्या मनाने द्यावी. मनात कुढत फुकट काम करण्याने चित्रही बिघडते आणि संबंधही.

नमुना म्हणून दुसऱ्याच्या घरी फुकट भिंत रंगवण्यापेक्षा आधी स्वतःच्या घरातील एक भिंत रंगवावी आणि दोन फूट लांबीरुंदीच्या प्लायवूडवर चार-पाच वेगवेगळ्या शैलींचे नमुने तयार करावेत.

कागदावर काय असावे?

ओळखीतले काम असले तरी एक साधे पत्रक करून दोघांनी सही करावी. त्यात भिंतीचे मोजमाप, चित्राचा विषय, रंग कोणते, काम किती दिवसांत होईल, एकूण रक्कम आणि ती केव्हा द्यायची, हे लिहावे. मंजूर झालेले कच्चे चित्र त्याला जोडावे. त्यात दोनदा बदल विनामूल्य, त्यानंतर पैसे वेगळे, अशी अट घालावी. आगाऊ रक्कम मिळेपर्यंत कच्चे चित्र ग्राहकाकडे ठेवून येऊ नये. ते दुसऱ्याला दाखवून स्वस्तात काम करून घेणारेही भेटतात.

रक्कम तीन हप्त्यांत घ्यावी. २१,००० रुपयांच्या कामात निम्मे, म्हणजे १०,५०० रुपये काम ठरताना. ३० टक्के, म्हणजे ६,३०० रुपये आकृत्या भिंतीवर उतरून पहिला रंग भरल्यावर. आणि उरलेले ४,२०० रुपये वार्निशचा हात देण्याच्या दिवशी. असे केले तर रंगांसाठी स्वतःची पुंजी अडकत नाही आणि शेवटी थोडे अडले तरी मोठे नुकसान होत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्राचे फोटो काढून अल्बममध्ये आणि जाहिरातीत वापरण्याची मुभा पत्रकात लिहून घ्यावी. कोपऱ्यात आपले नाव लिहिण्याचेही आधीच ठरवावे.

कॉपीराइट गेला तरी कलावंताचे सगळे हक्क संपत नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना १९५७ मध्ये भव्य ब्राँझ भित्तिशिल्पाचे काम देण्यात आले होते. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकण्यात आले. सेहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्याच्या ५७ व्या कलमाचा आधार घेऊन ते शिल्प त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. घरच्या भिंतीसाठी कोणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये. पण मोबदला घेऊन केलेल्या कामावरही आपले नाते कायद्याने मानलेले आहे, हे माहीत असले की बोलण्यात आत्मविश्वास येतो.

नोंदणी, कर्ज आणि सुरक्षितता

सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर बहुतेक राज्यांत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नये. २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. बँकेकडे किंवा मोठ्या ग्राहकाकडे जाताना तिचा उपयोग होतो. शिडी, स्प्रे मशीन अशा सामानासाठी भांडवल हवे असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पण या धंद्याला सुरुवातीला फार सामान लागत नाही. पहिल्या दोन-तीन कामांच्या आगाऊ रकमेतून लागेल तसे घेत जावे, हे उत्तम.

स्वच्छ सर्वेक्षणाची स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून अनेक शहरांत सार्वजनिक भिंती रंगवल्या जातात. अशी कामे कंत्राटदारामार्फत येतात तेव्हा दर कमी आणि पैसे उशिरा, असे होऊ शकते. काम मोठे दिसले तरी आगाऊ रकमेचा नियम तिथेही सोडू नये.

अनोळखी घरी पहिल्या भेटीला एकटीने जाऊ नये. पत्ता घरी सांगून ठेवावा, कामाच्या वेळा आधी ठरवाव्यात आणि घरात कोणी मोठे माणूस असतानाच काम करावे. शिडीवर चढताना खाली धरायला माणूस हवाच. मदतनिसाची मजुरी वाचवण्याच्या नादात हातपाय मोडून घेणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

चित्रकलेतून पैसे मागणे म्हणजे कलेचा अपमान, असे अजूनही काही जणींना वाटते. पण सुतार, गवंडी, रंगारी आपली मजुरी संकोच न करता सांगतात आणि त्यांच्या कामाचा मान त्यामुळे कमी होत नाही. ज्या बाईने स्वतःच्या दिवसाची किंमत कागदावर मांडली आहे, तिला ती सांगताना खाली बघावे लागत नाही. पैशाचा विषय पहिल्या दिवशीच संपला, की उरलेले पाच-सहा दिवस तिचे सगळे लक्ष भिंतीवर राहते, आणि चांगले चित्र त्यातूनच होते.